मानपत्रातली मोकळी जागा

मी सूड घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कोणी माझ्या मोठ्या मनाची वाट बघत बसायला नको. माझं मन तेवढं मोठं नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही.

अमडापूरपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. शिकलेही इथेच. तीन वर्षांपूर्वी बदलीचा फॉर्म भरताना पसंतीक्रमात पहिलं नाव याच शाळेचं टाकलं. लोक म्हणाले, साळवे मॅडम आईसाठी माहेरी आल्या. आईसाठी आले हे खरंच आहे. पण अर्धी मी ऑफिसातल्या एका फ्रेमसाठी आले होते.

ती फ्रेम हेडसरांच्या खुर्चीमागे आहे. जिल्हास्तरीय निबंध स्पर्धा, सन १९९७-९८, प्रथम क्रमांक, हर्षल महादेवराव शेळके, इयत्ता चौथी. मार्गदर्शक शिक्षक श्री. उत्तमराव गुरुजी. खाली स्मरणिकेचं पान कापून चिकटवलंय, त्यात अख्खा निबंध छापलेला. विषय, माझी आई. रोज सकाळी त्या फ्रेमखाली उभं राहून मी हजेरीपटावर सही करते. निबंध माझा आहे.

त्याची गोष्ट अशी. उत्तमराव गुरुजी निबंध फळ्यावर लिहून द्यायचे आणि आम्ही तो उतरवून घ्यायचो. त्या दिवशी त्यांना पंचायत समितीत जायचं होतं, म्हणून विषय तेवढा सांगून ते गेले आणि फळा कोरा राहिला. बाकीच्या पोरांनी थोरल्या भावाबहिणींच्या जुन्या वह्या काढून उतरवलं. माझ्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेलेलंच नव्हतं. मग मी आईबद्दल जे रोज दिसत होतं तेच लिहिलं.

'माझी आई कापूस वेचते. बोंडाची टोकं लागून तिची बोटं खरबरीत झाली आहेत. तिला वाचता येत नाही. संध्याकाळी ती माझ्या वहीवरून बोट फिरवते आणि विचारते, आज काय लिहिलं? मी वाचून दाखवते. मग ती म्हणते, आता मले बी आलं.' असं दीड पान.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि मला उभं केलं.

"कुठून उतरवलं वं हे?"

"मीच लिहिलं गुरुजी."

"तुमच्यातल्या पोरीले असं सुचते काय? ठेव वही इथं."

वही मला परत मिळाली नाही. पुढच्या सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली माईकवर हर्षलनं बक्षीसपात्र निबंध वाचला. 'कापूस वेचते'चं 'शेतात राबते' झालं होतं, 'पहाटे उठून तुळशीला पाणी घालते' असं एक वाक्य वर आलं होतं, आणि 'वाचून दाखवते'चं 'दाखवतो'. बाकी शब्द न् शब्द माझा. आई गर्दीत माझ्या शेजारी उभी होती. मी तिचा पदर ओढला, म्हटलं, हे माझं हाये. ती म्हणाली, गप. घरी जाताना एवढंच बोलली, "पोरानं चांगलं वाचलं."

गुरुजींचा राग मी सत्तावीस वर्षं पाळला. पण खरं सांगायचं तर 'पोरानं चांगलं वाचलं' हेही मी आईला माफ केलेलं नव्हतं. मला वाटायचं, तिला कळलंच नाही.

आता माझ्या वर्गाबद्दल. माझ्या चौथीत निबंध हा शब्द नाही. आम्ही लिहिण्याचे प्रकार शिकतो. जूनमध्ये सूचना. ती वाचून माणसानं काहीतरी केलं पाहिजे, नाहीतर ती सूचना नव्हे. मुलांनी टाकीवर लावली, 'नळ बंद करा, शेवटच्या वर्गालाही तहान लागते,' आणि नळ बंद व्हायला लागला. जुलैत कृती. 'भाकरी कशी करावी' हे मुलांनी लिहिलं आणि मी वर्गात शेगडी, तवा, पीठ आणून जसं लिहिलं तसं केलं. पाणी लिहायचं सगळे विसरले होते. कोरडं पीठ तव्यावर जळलं, वर्गभर धूर झाला, आणि बावीस पोरांना क्रम म्हणजे काय ते जन्मभरासाठी कळलं. ऑगस्टमध्ये बातमी. कोण, कुठे, कधी, आणि कोणी पाहिलं. बातमीत आपलं मत किंवा न घडलेलं काही घुसवलं की मी लाल पेनानं गोल करते आणि गोलाला आम्ही माशी म्हणतो. ज्याच्या बातमीत माशी नाही, तो दुसऱ्या दिवशी वर्गाचा संपादक.

ऑगस्ट अर्धा सरला आणि हर्षल शाळेत आला. त्याचं चिखलीला कृषी सेवा केंद्र आहे, गावात वजन आहे. माझ्याच वर्गातला, पण मला मॅडम म्हणतो आणि बोलताना माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहतो. म्हणाला, "उत्तमराव गुरुजीले पंच्याहत्तर पूर्ण झाले. शिक्षक दिनाले गावात सत्कार ठेवला. मंडप माह्याकडं हाये. मानपत्र तेवढं तुमी लिहा, तुमचं अक्षर चांगलं हाये."

सेवानिवृत्तीनंतर गुरुजी बुलढाण्याला मुलाकडे गेले ते सतरा वर्षांत गावात फिरकले नव्हते. मी म्हटलं, "मी नाही लिहिणार. माझी चौथी लिहील. तेवढाच त्यांचा एक प्रकार शिकून होईल."

हर्षल खूश झाला. लहान मुलांनी लिहिलेलं मानपत्र, पेपरात फोटो येईल म्हणाला.

मानपत्र आमच्याकडे कोणाला नवीन नाही. जरीची किनार छापलेला जाड कागद, वर सत्कारमूर्तीचं नाव आणि खाली विशेषणांची माळ. ज्ञानतपस्वी, कर्मयोगी, शिस्तप्रिय, मनमिळाऊ. माणूस बदलतो, माळ तीच राहते. ज्याचं मानपत्र असेल त्यानं ते मंचावर उभं राहून ऐकायचं असतं, मध्ये बोलायचं नसतं, आणि शेवटी दोन्ही हातांनी घ्यायचं असतं. नाकारलेलं मानपत्र मी अजून पाहिलेलं नाही. मला हा रिवाज फार आवडतो.

मुलांना सांगितलं, घरी मानपत्रं असतील तर आणा. तीन आली. एक निवृत्त कंडक्टरचं, एक माजी सरपंचाचं, एक सोसायटीच्या सचिवाचं. माझ्या वर्गातली समता नऊ वर्षांची आहे आणि तिच्या प्रश्नांना घरचे कंटाळलेत. तिनं तिन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले आणि वाचून म्हणाली, "मॅडम, तिघं बी ज्ञानतपस्वीच हाये. कंडक्टर आजोबा बी."

"मग यांच्यातला खरा कोणता?"

"कसं कळंल? प्रसंगच नाई लिहिला."

तिथेच मी नियम फळ्यावर लिहिला. विशेषण लिहायचं तर त्याखाली प्रसंग. प्रसंग लिहायचा तर साक्षीदार. साक्षीदार नसेल तर विशेषण खोडायचं. नियम चांगला आहे, कोणत्याही शाळेत चालेल. पण तो मी कोणासाठी लिहिला हे मला माहीत होतं.

चिठ्ठ्या टाकून दोघा-दोघांना एकेक विशेषण दिलं आणि मुलं वही घेऊन गावभर फिरली. 'वक्तशीर'ला लगेच साक्षीदार मिळाले. गुरुजी बरोबर साडेदहाला शाळेच्या फाटकात असायचे, हे सगळ्यांनी सांगितलं. ते मी तसंच ठेवलं, खरं ते खरं. 'शिस्तप्रिय' पायलच्या वाट्याला आलं होतं. तिला एका संध्याकाळी चौदा साक्षीदार मिळाले आणि त्यातल्या एकानं वाकडं जोडलेलं मनगट दाखवलं. 'विद्यार्थिप्रिय' घेऊन गेलेली जोडी तीन दिवसांनी खोडलेला कागद घेऊन परत आली.

'मार्गदर्शक' समताकडे होतं. बाकीच्या चिठ्ठ्या मुलांनी उचलल्या, ही मी तिच्या हातात दिली. मार्गदर्शक हा शब्द फ्रेमवर छापलेला आहे, तेव्हा ती आधी फ्रेमकडे जाणार हे मला ठाऊक होतं. गेली. निबंध उतरवून घेतला. मग साक्षीदार म्हणून निबंधातली आई शोधायला हर्षलच्या घरी गेली, त्याच्या आईकडे, विमलबाईंकडे.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत माझ्यासमोर उभी. "मॅडम, हा प्रसंग खोटा हाये."

"कसा गं?"

"त्याच्यात लिहिलं, आईले वाचता येत नाही. विमलआजी तं मॅट्रिक हाये. साऱ्या गावाच्या पोथ्या तेच वाचते. आणि ते शेतात कधी गेलीच नाई."

विमलबाईंनी तिला आणखीही सांगितलं होतं, ते तिनं त्यांच्याच शब्दांत लिहून आणलं होतं. 'मी तवाच गुरुजीले म्हटलं, मी मॅट्रिक पास, मले जिल्हाभर अंगठेबहाद्दर काऊन केलं? त म्हणे, वहिनी, निबंधात चालते.'

मी मनातल्या मनात विमलबाईंना नमस्कार केला. गुरुजींनी तुळस घातली, कापूस काढला, पण 'तिला वाचता येत नाही' हे एक वाक्य त्यांच्याच्यानं काढवलं नाही. ते काढलं असतं तर बक्षीस गेलं असतं.

इथे मी थांबवू शकले असते. समताला म्हणू शकले असते, जाऊ दे, दुसरा प्रसंग शोध. हेडसर तर दोन दिवस म्हणतच होते, "मॅडम, पोरायले गावात फिरवू नका, उगाच काही निघंल." हेडसर वडनेर भोलजीचे, सज्जन आणि घाबरट. त्यांना बदलीची नाही इतकी तक्रारीची भीती वाटते. मुलांना मी माझ्या भांडणात वापरलं का? वापरलं. पण खोटं एक अक्षर त्यांच्या तोंडी घातलं नाही. मी फक्त विचारलं, "मग ही आई कोणाची, समता?"

समता आणि पायलनं त्या साली चौथीत असलेल्या मुलांच्या आया शोधल्या. गावात सात निघाल्या. सातवी माझी.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत समतानं वही माझ्या टेबलावर ठेवली आणि हात मागे बांधून उभी राहिली. मी वाचलं.

'साक्षीदार, जनकाबाई किसन इंगळे, वय ६९. त्या म्हणाल्या, ती आई मीच. आम्ही विचारलं, कशावरून? त्या म्हणाल्या, पोरीनं तो निबंध मला घरी दहा वेळा वाचून दाखवला होता, मला पाठ होता. हर्षलने वाचला तेव्हाच मी ओळखला. आम्ही विचारलं, मग बोलल्या का नाही? त्या म्हणाल्या, मी तेव्हा हर्षलच्या वडिलांच्या, महादेवरावांच्या शेतात कामाला होते. मी बोलले असते तर माझं काम गेलं असतं आणि पोरीची शाळा गेली असती. म्हणून म्हटलं, पोरानं चांगलं वाचलं. आम्ही विचारलं, मानपत्रात मुलीचे नाव लिहू का? त्या म्हणाल्या, नाव तुम्ही लिहू नका. जागा सोडा. ते गुरुजीच्या हातानं लिहून घ्या.'

मी वर्गाला ग्राउंडवर पाठवलं आणि दार लोटून रडले. तोवर माझा राग एका वहीचा होता. आता त्यात सत्तावीस वर्षं मिळाली. इतकी वर्षं मी आईला न कळणारी समजत होते. त्या माणसानं निबंध नेला तो नेलाच, वर आईला मुकाट केलं आणि मला तिचं मुकं राहणं कळू दिलं नाही.

घरी गेले तर आई सुपात तुरीची डाळ निवडत होती. मी म्हटलं, "मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू लिहिणं सोडून देल्लं असतं. तापट पोरगी तू."

"आणि आता?"

"आता तू मॅडम झाली. आता काय करते तो?" तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "तू इथं आल्यापासून ऑफिसातल्या त्या भिंतीकडं पाहून राह्यली. मले काय दिसत नाही? पण तू बोलू नको. त्याच्या हातून तुह्यं नाव निघू दे, मंग झालं."

तेवढंच मलाही हवं होतं. गुरुजींच्या हातून माझं नाव, गावादेखत आणि आईदेखत.

पाच सप्टेंबरला शाळेच्या पटांगणात मंडप पडला. गुरुजी बरोबर साडेदहाला आले. पांढरं धोतर, खांदे थोडे वाकलेले, पण नजर तीच, बाकावरच्या पोराच्या मानेवर बसणारी. मला पाहून त्यांनी हात जोडले. साळवे मॅडम एवढीच माझी ओळख हेडसरांनी करून दिली होती. हर्षल मंचावर, विमलबाई समोर पहिल्या रांगेत, आणि त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर माझी आई. तिथे तिला मी नाही बसवलं. विमलबाईंनी हाताला धरून बसवलं.

शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग हर्षलनं माईकवर सांगितलं, मानपत्र चौथीचे विद्यार्थी वाचतील. गुरुजी उभे राहिले. समता स्टुलावर चढली, पायलनं कागद धरला.

"आदरणीय उत्तमराव गुरुजी, आपण वक्तशीर आहात. आपण बावीस वर्षे रोज साडेदहा वाजता फाटकात उभे होता. साक्षीदार, सगळे गाव."

टाळ्या पडल्या. गुरुजींनी मान लववली.

"आपण शिस्तप्रिय आहात. आपण सन १९९१ मध्ये पाढा चुकला म्हणून एका विद्यार्थ्याला रुळाने मारले. त्याचे मनगट अजून वाकडे आहे. साक्षीदार, तो स्वतः आणि तेरा जण."

इथे टाळ्या अर्ध्यावर अडकल्या. मागे कोणीतरी हसलं. हेडसरांनी चहावाल्याला विनाकारण हाक मारली. गुरुजींनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मानपत्रात मध्ये बोलत नाहीत.

"आपण मार्गदर्शक आहात. आपल्या मार्गदर्शनाने सन १९९७ मध्ये 'माझी आई' या निबंधाला जिल्ह्यात पहिले बक्षीस मिळाले. त्या निबंधातली आई आम्ही शोधली. विमलबाई शेळके म्हणाल्या, ती मी नाही, मी मॅट्रिक पास आहे. जनकाबाई इंगळे म्हणाल्या, ती मी. निबंध त्यांच्या मुलीने लिहिला होता. आपण तिची वही ठेवून घेतली आणि निबंध दुसऱ्याच्या नावाने दिला. त्या मुलीचे नाव जनकाबाईंनी आम्हाला लिहू दिले नाही. म्हणून इथे जागा मोकळी सोडली आहे. ती आपण भरावी ही विनंती. आपले नम्र, इयत्ता चौथी."

समतानं माईक सोडला आणि खिशातून पेन काढून गुरुजींपुढे धरला.

हर्षलचा चेहरा उतरला होता. गुरुजींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग समोर, माझ्या आईकडे. त्यांनी पेन घेतला. नाकारलं असतं तर माझं काम फुकट गेलं असतं, पण माणूस जुना मास्तर, पोरानं पुढे केलेला पेन त्यांच्या हातानं आपसूक घेतला.

"जनकाबाईची पोरगी," ते म्हणाले. "हाव, होती. तिसऱ्या बाकावर बसे. निबंध तं मले अजून पाठ हाये. 'आता मले बी आलं.' असं होतं शेवटी." मग थांबले. "पंचशीला?"

"नाई," मुलं म्हणाली.

"रत्नमाला?"

"नाई."

हर्षल त्यांच्या कानाशी वाकायला लागला, तशा विमलबाई खालून म्हणाल्या, "हर्षल, गप बैस." आणि माझी आई, जी आयुष्यात कधी सभेत बोलली नव्हती, खुर्चीतूनच म्हणाली, "कोणी सांगू नका. आठवू द्या त्यायले."

कोणी सांगितलं नाही. अख्खं गाव मला ओळखत होतं, मी मंचापासून चार हातांवर उभी होते, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. गुरुजी आठवत राहिले. कपाळावर घाम आला. आणखी दोन नावं घेतली, दोन्ही चुकीची.

प्रत्येक चुकीच्या नावाला गाव खाली पाहत होतं आणि मी मात्र ती नावं बोटांवर मोजत होते. सत्तावीस वर्षं मी या माणसाचं नाव रोज एकदा तरी घेतलं. माझ्या मनात त्यालाही माझं नाव खुपत असणार, असं मी धरूनच चालले होते. त्याच्याकडे ते नावच नव्हतं. निबंध ठेवून घेतला होता आणि पोरगी टाकून दिली होती. त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा त्या सव्वीस जानेवारीलाही आला नव्हता.

शेवटी ते म्हणाले, "रजिस्टरात असल. दाखलखारीज रजिस्टर कुठं ठेवता?" आणि मानपत्र हातात घेऊन मंचावरून उतरून ऑफिसकडे चालायला लागले. मागे चौथीचा वर्ग, त्यामागे हेडसर, त्यामागे निम्मं गाव.

जुन्या रजिस्टरांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. गुरुजी टेबलासमोर येऊन म्हणाले, "मॅडम, सत्त्याण्णवचं रजिस्टर दाखवा जरा."

"अर्ज लागतो, गुरुजी."

"अर्ज? मी बावीस वर्षं नोकरी केली या शाळेत."

"तुम्हाला तर नियम माहीतच असेल."

हेडसरांनी काहीतरी बोलायला ओठ हलवले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी ओठ मिटले. मी दोन कोरे कागद आणि मध्ये कार्बन ठेवून पुढे सरकवले. गुरुजी बाकावर बसले. बाक लहान मुलांचा, गुडघे छातीशी आले. त्यांनी सवयीच्या हातानं तारीख घातली, प्रति लिहिलं, विषय लिहिला, रजिस्टर पाहण्यास मिळणेबाबत. खाली सही करणार तेवढ्यात पायल वाकून म्हणाली, "गुरुजी, कारण नाई लिहिलं. बिनकारणाचा अर्ज नसते."

त्यांनी लिहिलं, 'कार्यालयीन कामासाठी.'

"हे खोटं हाये," समता म्हणाली. उद्धटपणे नाही, वर्गात एकमेकांच्या वह्या तपासताना म्हणते तसं. "माशी बसली याच्यावर. जे झालं ते लिहा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सोडवीन असं त्यांना वाटलं असावं. मी पेनाचं टोपण लावत बसले. दारात आई आणि विमलबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग त्यांनी ती ओळ खोडली आणि नवीन लिहिली.

'सन १९९७ मध्ये मी एका विद्यार्थिनीचा निबंध तिला न सांगता दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावाने स्पर्धेला पाठवला. मार्गदर्शक म्हणून मान मी घेतला. त्या विद्यार्थिनीचे नाव मला आठवत नाही. ते पाहण्यासाठी.'

सही. तारीख.

समतानं कागद उचलून वरपासून खालपर्यंत वाचला आणि माझ्याकडे दिला. "आता बरोबर हाये, मॅडम."

मी अर्ज आवक रजिस्टरला चढवला, क्रमांक टाकला, शिक्का मारला. कार्बनखालची प्रत पोच म्हणून अर्जदाराला द्यायची असते. तिच्यावर मी लिहिलं, 'अर्ज मिळाला. रजिस्टर पाहण्याची गरज नाही.' आणि खाली सावकाश पूर्ण सही केली. धम्मशीला किसन इंगळे. इयत्ता चौथी, सन १९९७.

गुरुजींनी चष्मा वर करून वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थांबले. त्यांनी मानपत्र गुडघ्यावर पसरलं आणि मोकळ्या जागेत पोचेवरून बघून बघून, एकेक अक्षर उतरवत, माझं नाव लिहिलं.

लोक सांगतात, सूड घेतला की माणसाला आतून रितं वाटतं. मला नाही वाटलं. दिवसभराच्या कामानंतर पोटभर जेवल्यासारखं वाटलं. आईकडे पाहिलं तर ती नाव लिहिणाऱ्या हाताकडे पाहत होती. पदर डोळ्याला नव्हता.

गुरुजी बाकाला धरून उठले. मानपत्र दोन्ही हातांत होतं, ते हात माझ्यापुढे जोडायला त्यांना जमेना. ते म्हणाले, "चुकलं माह्यं, पोरी. माफ कर."

हेडसरांच्या चेहऱ्यावर एकदम सुटका दिसली. दारातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. आता मॅडम खाली वाकतील, पाया पडतील, डोळे पुसतील आणि चहा होईल, असं सगळ्यांना वाटलं. चौथीचा वर्गही माझ्याकडेच बघत होता.

मी अर्जाची मूळ प्रत फाइलला लावली.

"तोंडी नाही चालत, गुरुजी," मी म्हटलं. "माफीपत्र हा वेगळा प्रकार आहे. चौथीला तो दिवाळीनंतर घेणार आहे. तेव्हा या."